धाकाचे तत्त्वज्ञान आणि सातारचा अनुभव

माणूस मुळात रानटी आहे, त्याच्या अंगावरचा सभ्यतेचा सदरा फार तलम आहे आणि पाठीशी दंडुका उभा नसेल तर तो सदरा फाटायला वेळ लागत नाही, हे तत्त्वज्ञान आपल्या समाजाला नवे नाही. सावकाराने ते कुळांविषयी सांगितले, गोऱ्या अधिकाऱ्याने ते ‘नेटिवां’विषयी सांगितले, गिरणीमालकाने ते कामगारांविषयी सांगितले आणि १९७५ साली आणीबाणीच्या समर्थकांनी ते सबंध देशाविषयी सांगितले. सांगणारा दर वेळी बदलला, परंतु त्याने स्वतःला त्या वर्णनात कधी बसविले नाही. रानटी असतो तो नेहमी दुसरा, आणि धाक हवा असतो तोही दुसऱ्यालाच.

या तत्त्वज्ञानाला वाङ्मयीन आधार म्हणून ज्या पुस्तकाचे नाव वारंवार पुढे केले जाते, ते म्हणजे विल्यम गोल्डिंग यांची १९५४ साली प्रसिद्ध झालेली ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ ही कादंबरी. जी. ए. कुलकर्णी यांच्यासारख्या समर्थ लेखकाने तिचा अनुवाद केल्यामुळे मराठी वाचकालाही ती परकी राहिलेली नाही. महाविद्यालयांच्या वर्गांतून तिचे सार पिढ्यान्‌पिढ्या एका वाक्यात सांगितले जाते : वडीलधारी माणसे नाहीशी झाली की सभ्यता नाहीशी होते, कारण रानटीपणा हाच मनुष्याचा मूळ स्वभाव आहे. हे सार अपुरे आहे. राजकीयदृष्ट्या ते घातकही आहे. आणि सातारा-सांगलीच्या मातीने त्याला दिलेले उत्तर कार्यकर्त्यांनी विसरता कामा नये, असे ते उत्तर आहे.

बेटावर नेमके काय बिघडले?

प्रथम गोल्डिंग यांच्या पदरात त्यांचे श्रेय टाकले पाहिजे. बॅलंटाइन यांच्या १८५७ मधील ‘द कोरल आयलंड’ या कादंबरीत ब्रिटिश मुले सद्‌गुणांची पुतळी असतात आणि क्रौर्य असते ते बेटावरच्या काळ्या माणसांत. साम्राज्याच्या भरभराटीच्या दिवसांत अशी पुस्तके इंग्रजांच्या घराघरांतून वाचली जात. गोल्डिंग हे शाळामास्तर होते. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात होते. रानटीपणा गोऱ्या मुलातही आहे, असे त्यांनी आपल्या देशबांधवांना तोंडावर सांगितले. साम्राज्याच्या अहंकाराला दिलेला तो तडाखा होता, आणि तेवढ्यापुरता तो स्वागतार्हच होता.

तथापि रोग दाखविणे वेगळे आणि त्याचे निदान करणे वेगळे. कादंबरी अर्थशास्त्राच्या दृष्टीने वाचली तर एक गोष्ट ताबडतोब ध्यानात येते : त्या बेटावर टंचाई नाही. फळे मुबलक आहेत, गोडे पाणी आहे, हवा उबदार आहे. मुले एकमेकांच्या जिवावर उठतात ती भुकेपोटी नव्हे. मग बिघडते ते काय? शंख हाती घेऊन बोलण्याचा हक्क सर्वांना मिळतो, सभा भरतात, ठराव होतात; परंतु झोपड्या बांधायची वेळ आली की राल्फ आणि सायमन हे दोघेच उरतात. बोलण्याचा हक्क वाटला गेला, श्रम वाटले गेले नाहीत. लहानग्या मुलांना तर सभेत मोजलेही जात नाही. दुसरीकडे शस्त्रे जॅकच्या टोळीच्या हाती एकवटतात. मांस तीच आणते, तीच वाटते, आणि मांसाच्या तुकड्याच्या बदल्यात निष्ठा विकत घेते. ज्या चष्म्याच्या भिंगाने अग्नी पेटतो ते उत्पादनाचे साधन अखेर चोरून नेले जाते. आणि ते ज्याचे, त्या पिगीला मुले आधीपासूनच त्याच्या लठ्ठपणावरून आणि खालच्या वर्गाच्या बोलीवरून हिणवीत आलेली असतात.

म्हणजे बेटावर उगवते ते आदिम अरण्य नव्हे. निवासी शाळांची उतरंड, गणवेशातल्या गायकवृंदाचे कवायती आज्ञापालन आणि वर्गभेदाची कुचेष्टा घेऊन आलेली ती मुले इंग्लंडचेच एक लहानसे रूप उभे करतात. त्यांना त्या बेटावर आणून टाकते ते वडीलधाऱ्यांनी पेटविलेले अणुयुद्ध. त्यांची सुटका करणारा नौदलाचा अधिकारीही युद्धनौकेवरूनच येतो. गोल्डिंग यांनी हे सारे लिहिले आहे. निदान करताना मात्र त्यांनी बोट ठेवले ते मनुष्याच्या अंतःकरणावर, संस्थांवर नव्हे. त्यांच्या अनुयायांनी तर पहिला भाग गाळून दुसराच पाठ केला.

कादंबरी हा पुरावा नसतो. जेव्हा खरोखरीची मुले खऱ्या बेटावर अडकली तेव्हा काय झाले, याची नोंद आहे. १९६५ च्या जूनमध्ये टोंगा देशातील एका निवासी शाळेची सहा मुले एक होडी पळवून समुद्रात निघाली, वादळात सापडली आणि आठ दिवसांनी ‘अता’ नावाच्या निर्मनुष्य बेटाला लागली. सुमारे पंधरा महिने ती तेथे राहिली. त्यांनी दोघादोघांच्या पाळ्या लावल्या, भाजीपाला लावला, विस्तव विझू दिला नाही. भांडण झाले की भांडणाऱ्यांनी दोन दिशांना जाऊन डोके शांत करून परत यावे, असा नियम केला. एकाचा पाय मोडला तेव्हा इतरांनी काटक्या बांधून तो सांधला आणि त्याच्या वाटचे काम केले. १९६६ च्या सप्टेंबरमध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन खलाशाला ती धडधाकट सापडली. घरी त्यांचे अंत्यविधी उरकले गेले होते. होडी चोरल्याबद्दल पोलिसांनी त्यांना कोठडीतही टाकले. आणखी एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. ‘अता’ निर्मनुष्य का होते? तर १८६३ साली गुलामांच्या व्यापाऱ्यांनी तेथील कितीतरी रहिवासी फसवून पळवून नेले आणि उरलेल्यांना टोंगाच्या राजाने सुरक्षिततेसाठी दुसऱ्या बेटावर हलविले. व्यापाराची जहाजे बाळगणाऱ्या जगाने ओसाड केलेल्या बेटावर सहा पोरांनी पुन्हा माणुसकी वसविली.

कायद्याने ठरविलेले रानटी

आता आपल्या मुलखाकडे यावे. रानटी कोण, याचा निवाडा येथे राज्यकर्त्यांनी कायद्यानेच करून टाकला होता. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ नंतर मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि जन्माला येणारे मूल पाळण्यातच गुन्हेगार ठरू लागले. हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही, सांगेल त्या वसाहतीत राहायचे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षे माणसे जन्माने गुन्हेगार होती. पारधी वस्तीकडे पाहणाऱ्या पोलिसी नजरेतून तो आजही पुरता रद्द झालेला नाही.

गोल्डिंग यांची कादंबरी आली त्याच दशकात वाळवे तालुक्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी आली. शाळेचे तोंड दीड दिवस पाहिलेल्या या लेखकाने प्रश्न उलटा केला. उपासमारीत माणसे मरत असताना धान्याची कोठारे बंद ठेवणारा सभ्य, की ती कोठारे फोडून धान्य वाटणारा मांग सभ्य? आपल्या महाविद्यालयांत ‘सभ्यता विरुद्ध रानटीपणा’ या विषयावर निबंध लिहून घेतले जातात, तेव्हा फकिराचे नाव क्वचितच घेतले जाते. यात आश्चर्य नाही. गोल्डिंग वाचून आरामखुर्चीत सुस्कारा टाकता येतो. फकिरा वाचल्यावर कोठाराची किल्ली कोणाकडे आहे, असे विचारावे लागते.

जन्मजात गुन्हेगारीच्या सिद्धान्ताला दुसरे उत्तर मिळाले ते आटपाडीजवळ. आज सांगली जिल्ह्यात असलेला हा भाग तेव्हा औंध संस्थानात होता. १९३९ साली भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने आपले अधिकार प्रजेच्या हाती सोपविणारी राज्यघटना दिली. त्याच वर्षी, अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या सहभागाने चाललेल्या या प्रयोगात, ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेली माणसे तेथे भिंतीवाचून, गजांवाचून, बायकामुलांसह राहून शेती करू लागली. जवळच्याच माडगूळच्या ग. दि. माडगूळकरांच्या कथेवरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. प्रेक्षकांनी त्याला कविकल्पना मानले. वस्तुतः ती माणदेशातली वस्तुस्थिती होती. धाक काढून घेतला, जमीन दिली, जबाबदारी दिली, आणि खुनी म्हणून दूर टाकलेला माणूस शेतकरी झाला.

आणि मुलांविषयीच बोलायचे तर कर्मवीर भाऊराव पाटलांचे वसतिगृह आठवावे. १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेचा जन्म झाला. १९२४ पासून साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. घरापासून दूर, खिशात दमडी नसलेली, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या हातचे पाणी न पिणाऱ्या घरांतली ही मुले. दंगा व्हायला आणखी काय हवे होते? परंतु स्वयंपाक, झाडलोट, पाणी, शेती ही कामे मुलांनीच वाटून घेतली आणि एका पंक्तीला बसून खाल्ली ती आपल्या श्रमाची भाकरी. तेथे वडीलधारा होता, असा आक्षेप कोणी घेईल. होता, पण छडी घेतलेला नव्हता. त्याच्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी, मुलांच्या पोटासाठी मंगळसूत्र गहाण टाकले होते. धाक आणि अधिकार यांतला फरक ज्यांना समजत नाही त्यांना ते वसतिगृह कधीच समजले नसते.

सरकार नव्हते तेव्हा

धाकाच्या तत्त्वज्ञानाची खरी कसोटी लागली ती १९४२ नंतर. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर तिरंगा लावण्यासाठी निघालेल्या नि:शस्त्र मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात गोळीबार झाला. त्या दोन दिवसांत ‘सभ्यता’ बंदुकीच्या कोणत्या बाजूला होती, हे सांगण्याची गरज नाही. पुढे खेड्यांतून ब्रिटिश सत्तेचा अंमल ढिला पडला, तेव्हा साहेबाच्या हिशेबाप्रमाणे गावागावांत कापाकापी व्हायला हवी होती. पोकळीचा फायदा घेऊन दरोडेखोरांच्या टोळ्या माजल्याही. परंतु त्या टोळ्यांचा बंदोबस्त केला तो नाना पाटलांच्या नेतृत्वाखालील प्रति सरकारने. १९४३ ते १९४६ या काळात, तेव्हाच्या अखंड सातारा जिल्ह्यातील खेड्यांत न्यायदान मंडळे बसली, सावकारी पाशातली प्रकरणे सुटली, दारूबंदी झाली, कर्ज काढून होणाऱ्या लग्नांच्या जागी साधी ‘गांधी लग्ने’ लागली, ग्रंथालये निघाली. जी. डी. बापू लाड यांच्या तुफान सेनेने संरक्षणाचे काम पाहिले; अच्युतराव पटवर्धनांसारख्या समाजवादी नेत्यांचे मार्गदर्शन या लढ्याला लाभले.

सरकारदरबारी मात्र त्याचे नाव ‘पत्री सरकार’ असे पडले. ही माणसे खबऱ्यांच्या तळपायाला घोड्यासारखे नाल ठोकतात, अशी वदंता पसरली. खरी शिक्षा तळपायावर काठ्या मारण्याची होती. तीही कठोरच होती. भूमिगत चळवळीत अतिरेक झालेच नाहीत, असा दावा करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु शिक्षेपूर्वी तक्रार ऐकली जात असे, दुसरी बाजू ऐकली जात असे आणि निवाडा गावाच्या डोळ्यांदेखत होत असे. वडूजच्या मोर्चाला यातले काय मिळाले होते?

१९४८ चा जाब

येथेच लेखणी थांबविली तर कार्यकर्त्यांना समाधान वाटेल. पण ते खोटे समाधान असेल. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून झाला. खुनी ब्राह्मण होता, एवढ्या एका गोष्टीवरून पुढच्या काही दिवसांत याच सातारा-सांगलीच्या खेड्यांत ब्राह्मणांची शेकडो घरे जाळण्यात आली. अहिंसेच्या पुजाऱ्याचे सुतक असे पाळले गेले. शाळामास्तर, भिक्षुक, विधवा, लहान मुले पहाटेच्या अंधारात गाव सोडून निघाली. कित्येक पुन्हा परतली नाहीत. माणदेशच्याच व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी त्या दिवसांवर आहे. प्रति सरकार संपून दोन वर्षेही पुरती झाली नव्हती. मग धाकवादी म्हणाले, ‘पाहा, हाच यांचा मूळ स्वभाव.’

या युक्तिवादाला पुरोगामी वर्तुळात जे उत्तर दिले जाते, तेही तितकेच चुकीचे आहे. तो शोषितांचा उद्रेक होता, कुलकर्णी वतनाचा आणि सावकारीचा सूड होता, असे म्हणून त्या ज्वाळांना वर्गसंघर्षाची प्रतिष्ठा देण्याचा प्रयत्न होतो. वतनदारीचा आणि व्याजाचा राग खरा होता, यात शंका नाही. परंतु आगीने घरे निवडली ती व्याजाचा दर पाहून नव्हे, आडनाव पाहून. ब्राह्मणेतर सावकाराला जातीचे अभय मिळाले आणि कर्ज कधी दिलेच नव्हते त्या विधवेचे छप्पर गेले. जाळपोळीने एकाही कुळाला जमिनीची मालकी मिळाली नाही. ती मिळाली कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने. जन्मावरून गुन्हेगार ठरविण्याचा जो न्याय १८७१ च्या कायद्याने पारध्यांना लावला, तोच न्याय १९४८ च्या जमावाने ब्राह्मणांना लावला. त्या कायद्याचा धिक्कार करणाऱ्याने त्या जमावाची वकिली करता कामा नये.

मग तीच माणसे, तीच गावे, तोच जिल्हा. चार-पाच वर्षांत बदलले काय? रक्त बदलले नाही. स्वभाव बदलला नाही. बदलल्या त्या संस्था. न्यायदान मंडळे मोडली होती. भूमिगत कार्यकर्ते सत्तेच्या आणि पक्षभेदांच्या वाटा शोधू लागले होते. गावाला एकत्र बसून ऐकून घेण्याची जी सवय लागली होती ती ठेवायला कोणी ठिकाणच उरले नव्हते. १९४३ च्या गावात आरोपीला विचारले जाई, ‘तुझे म्हणणे काय?’ १९४८ च्या जमावाने कोणालाही काही विचारले नाही. सभ्यता आणि रानटीपणा यांच्यामधली रेषा या एका प्रश्नापुरती आहे. ती जातीजातींमधून जात नाही आणि पोलीस चौकीच्या उंबरठ्यावरूनही जात नाही.

शंख कोणाच्या हाती?

हा वाद जुना झालेला नाही. २००९ च्या सप्टेंबरमध्ये गणेशोत्सवातील एका कमानीवरून मिरजेत दंगल पेटली आणि ती सांगलीपर्यंत पसरली. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री खटाव तालुक्यातील पुसेसावळी येथे समाजमाध्यमावरील मजकुराचे निमित्त होऊन जमावाने मशिदीवर हल्ला केला आणि एका तरुणाचा जीव गेला. वडूज ज्या खटाव तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातले हे गाव; हुतात्म्यांना मानवंदना देऊन एकच दिवस झाला होता. दूरच्या कोणाच्या तरी अपराधाची शिक्षा शेजाऱ्याला, तीही न विचारता : १९४८ ची रीत जशीच्या तशी.

यावर धाकवादी अधिक पोलीस मागतील. गुन्हेगाराला कायद्याने शिक्षा झालीच पाहिजे. तिच्यात कसूर करणारे सरकार जमावाचे साथीदार होय. परंतु तेवढ्याने भागणार नाही. आजच्या खेड्यातल्या तरुणापुढे काय आहे? शेती तुकड्यांची, पदवीला नोकरी नाही, सहकारी संस्था घराण्यांच्या मालकीच्या झालेल्या, ग्रामसभा कागदावर. शंख आहे, बोलण्याचा हक्क आहे. वाटून घ्यायला काम मात्र नाही. अशा वेळी ज्याच्या हाती झेंडा, ढोल आणि जेवणावळ आहे त्या टोळीत तो जातो. तो रानटी आहे म्हणून जात नाही. त्याला आपले म्हणणारे दुसरे कोणी राहिलेले नाही म्हणून जातो.

दुसरी वाट याच मातीत आहे. १९८० च्या दशकात मुंबईच्या गिरणी संपातून परतलेल्या कामगारांनी आणि खानापूर तालुक्यातील शेतकऱ्यांनी ‘मुक्ती संघर्ष’ चळवळ उभी केली, येरळा नदीची वाळू वाचविली, तिच्यातील काही विकून पैसा उभारला आणि श्रमदानाने बळीराजा स्मृती धरण बांधले. पाण्यावर भूमिहीनाचाही हक्क आहे, हे तत्त्व तेथे मांडले गेले. प्रति सरकारातले सेनानी नागनाथअण्णा नायकवडी यांनी १९९३ पासून आटपाडीच्या पाणी परिषदेत समन्यायी वाटपाची तीच मागणी लावून धरली. टंचाईच्या मुलखात पाण्यावरून डोकी फुटायला हवी होती. परंतु जेथे श्रम वाटला आणि पाणीही वाटून मागितले, तेथे माणसे एका बांधावर उभी राहिली.

पक्षाच्या शाखांनी यातून काही शिकायचे असेल तर ते साधे आहे. जयंत्या-पुण्यतिथ्यांची भाषणे पुरेत. गावागावांत सर्व जातीधर्मांची माणसे एकत्र बसतील, तक्रार आली की दुसरी बाजू ऐकतील आणि अफवा आली की रात्रीच शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभी राहतील, अशी मंडळे बांधावी लागतील. ती बांधण्याचे काम कंटाळवाणे आहे. त्यात टाळ्या नाहीत, मते तर बहुधा नाहीतच. पण नाना पाटलांच्या माणसांनी ते बंदुकीच्या टप्प्यात राहून केले होते. पुसेसावळीच्या त्या रात्री असे एखादे मंडळ गावात असते, तर काय झाले असते याचा विचार प्रत्येक शाखेने आपल्या पुढच्या बैठकीत करावा. आणि तो केवळ विचार म्हणून सोडू नये.